चार रविवारांचे हिरवे चाक

नोव्हेंबर महिना सरत आलेला. हाम्बुर्ग शहरात दुपारचे साडेतीन वाजलेले असतात आणि रस्त्यावरचे दिवे लागू लागतात. चार वाजून गेले की सूर्य मावळतो, तो दुसऱ्या दिवशी सकाळी आठनंतरच उगवतो. तोही ढगांआडून, जणू उपकार केल्यासारखा. एल्बे नदीवरून येणारा गार वारा, बारीक पाऊस आणि ओल्या दगडी रस्त्यांवर पडलेला पिवळा उजेड. जर्मनीतल्या या दुसऱ्या क्रमांकाच्या शहरात, सुमारे एकोणीस लाख वस्तीच्या या मोठ्या बंदरात, हे दिवस माणसाची परीक्षा पाहणारे असतात.

अशाच एका शनिवारी शहराच्या पूर्व भागातल्या एका जुन्या घरात सहा मैत्रिणी जमल्या होत्या. सगळ्या साठीच्या पुढच्या. जेवणाच्या मोठ्या टेबलावर वर्तमानपत्रे पसरलेली, त्यांवर हिरव्या फांद्यांचा ढीग, बारीक तारेची रिळे, फांद्या छाटायच्या कात्र्या आणि पक्कड. स्वयंपाकघरात कॉफी उकळत होती आणि घरभर राळेचा, ओल्या जंगलाचा वास भरून राहिला होता. त्यांच्यात एक सातवीही होती, तिशीही न ओलांडलेली. ती नाशिकची. नवऱ्याच्या नोकरीमुळे ऑक्टोबरमध्ये इथे आलेली. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी.

हा बेत होता ‘आडव्हेंट्सक्रान्ट्स’ बांधण्याचा. आडव्हेंट म्हणजे नाताळापूर्वीचा आगमनकाळ. नाताळाच्या आधीचे चार रविवार त्यात येतात. क्रान्ट्स म्हणजे चक्र, गोल हार. हिरव्या फांद्यांचे हे चक्र टेबलावर आडवे ठेवायचे, त्यावर चार मेणबत्त्या बसवायच्या. पहिल्या रविवारी एक पेटवायची, दुसऱ्या रविवारी दोन. चौथ्या रविवारी चारही पेटल्या की नाताळ दारात आला म्हणून समजावे.

बाजारात तयार चक्रे हवी तेवढी मिळतात. तरीही पुष्कळ घरांत ते हाताने बांधतात आणि शक्य असेल तर एकटीने नव्हे, चारचौघींत बसून. आपल्याकडे पूर्वी दिवाळीच्या आधी वाड्यातली मुले एकत्र जमून कामट्या, खळ आणि पतंगाचे कागद घेऊन आकाशकंदील करत, तसाच हा प्रकार.

चक्र दोन प्रकारचे

मराठी माणसाला पानाफुलांचे चक्र म्हटले की आधी पुष्पचक्र आठवते. हुतात्म्यांच्या स्मारकावर वाहिलेले, शोकाचे. नाशिकच्या त्या मुलीलाही टेबलावरचे साहित्य पाहून पहिल्यांदा तेच वाटले. ती बोलली नाही, पण तिचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता.

आगमनकाळ सुरू होण्याच्या आधीच्या रविवारला जर्मनीतले प्रोटेस्टंट लोक ‘टोटेनझोनटाग’ म्हणतात, म्हणजे मृतांचा रविवार. प्रशियाच्या राजाने १८१६ साली हा दिवस नेमून दिला आणि पुढे ती प्रथा इतर प्रांतांतही रुजली. त्या दिवशी लोक दफनभूमीत जातात, आपल्या माणसांच्या थडग्यांवर हिरवी चक्रे ठेवतात. तो रविवार उलटेपर्यंत नाताळाची रोषणाई घरात करू नये, असा जुन्या लोकांचा दंडक आहे. म्हणजे एका रविवारी हिरवे चक्र थडग्यावर जाते आणि पुढच्या रविवारी तसेच चक्र मेणबत्त्या घेऊन जेवणाच्या टेबलावर येते. फांद्या त्याच आणि बांधणारे हातही तेच.

त्या घरच्या आजींनी सहा दिवसांपूर्वी एक चक्र बांधले होते. ते पतीच्या थडग्यासाठी होते. उन्हाळ्यात ते गेले. पंचेचाळीस वर्षांचा संसार. “यंदा टेबलावरचे चक्र नको,” असे त्यांनी मैत्रिणींना फोनवर कळवून टाकले होते. “समोर कोणी बसणारे नाही, मग मेणबत्ती लावायची कोणासाठी?”

मैत्रिणींनी वाद घातला नाही. “बरे, तू नको करूस,” त्या म्हणाल्या. “पण दर वर्षी आम्ही तुझ्याच टेबलावर बांधतो. आमची चक्रे आम्ही तिथेच बांधणार. तू फक्त कॉफी कर.” आणि शनिवारी त्या फांद्यांचे भारे घेऊन दारात हजर झाल्या. जिन्यात भेटलेल्या वरच्या मजल्यावरच्या मुलीलाही त्यांनी हाताला धरून आत आणले.

बांधणी

चक्राचा पाया म्हणजे पेंढ्याचे कडे. साधारण फूटभर रुंदीचे, घट्ट गुंडाळलेले. फांद्या फरच्या घ्यायच्या. स्प्रूस दिसायला तसाच, पण उबदार खोलीत त्याच्या सुया चार दिवसांत गळू लागतात. फर महिनाभर टिकते. डेन्मार्कहून येणारी ‘नोबिलिस’ जातीची निळसर हिरवी फर या कामासाठी विशेष आवडीची.

मोठ्या फांदीचे वीतभराहून लहान तुकडे छाटायचे. तीन-चार तुकड्यांची जुडी करून ती कड्यावर ठेवायची आणि देठांवरून तार दोनदा आवळून फिरवायची. तार तोडायची नाही. दुसरी जुडी अशी ठेवायची की तिच्या पानांखाली पहिलीचे देठ झाकले जातील. कौले एकावर एक चढवतात तशी. एक जुडी बाहेरच्या कडेला, एक वर, एक आतल्या बाजूला. सगळ्या सुयांची टोके एकाच दिशेला. खालची बाजू मात्र मोकळी ठेवायची, नाहीतर चक्र टेबलावर डुगडुगते. आतल्या बाजूला कमी फांद्या लागतात, बाहेर जास्त. हे विसरले की मधले भोकच बुजून जाते. शेवटची जुडी बांधताना पहिल्या जुडीची टोके वर उचलायची आणि देठ त्यांखाली सारायचे. हा सांधा दिसला नाही की हात बसला म्हणायचे.

नाशिकच्या मुलीचा हात पहिल्या पंधरा मिनिटांत खरचटला. तार सैल पडली, जुड्या फिरल्या. मग ती एकदम थांबली. तिने कडे मांडीवर उभे धरले, तार डाव्या हाताच्या बोटांत ताणली आणि उजव्या हाताने जुडी ठेवून झटक्यात फास ओढला. ही रीत इथली नव्हती. लहानपणी आजीजवळ बसून ती अबोलीच्या वेण्या करायला शिकली होती, तीच ही गाठ. एकेक फूल देठाला देठ लावून दोऱ्यात अडकवायचे. इथे फुलाच्या जागी फर आणि दोऱ्याच्या जागी तार.

घरच्या आजी इतका वेळ कॉफीचे कप भरत होत्या. त्या टेबलाजवळ येऊन उभ्या राहिल्या. “हे तू कुठे शिकलीस?” त्यांनी विचारले.

“आमच्याकडे बायका केसांत फुले माळतात. ती अशीच बांधतात.”

“पुन्हा करून दाखव पाहू.”

तिने दाखवले. आजींनी कप ठेवला, एक जुडी उचलली आणि खुर्ची ओढून बसल्या. यंदा चक्र करायचे नाही, हे त्या विसरल्या होत्या की विसरल्यासारखे दाखवत होत्या, कोण जाणे! मैत्रिणींनी एकमेकींकडे पाहिले, पण कोणी काही बोलले नाही.

विशर्नचे चाक

हे चक्र याच शहरात जन्माला आले, ही गोष्ट हाम्बुर्गचे लोक अभिमानाने सांगतात. त्याची कथा मोठी हृद्य आहे.

योहान हिन्रिश विशर्न याचा जन्म १८०८ सालचा, हाम्बुर्गचाच. सात भावंडांत थोरला. पंधराव्या वर्षी वडील वारले आणि शिकवण्या करून घर चालवण्याची वेळ या मुलावर आली. पुढे धर्मशास्त्र शिकून तो परतला आणि शहराच्या गरीब वस्तीतल्या रविवारच्या शाळेत शिकवू लागला. मुलांच्या घरी जाऊ लागला तेव्हा त्याने जे पाहिले, ते त्याला झोपू देईना. अंधाऱ्या बोळांतली एकेका खोलीत कोंबलेली कुटुंबे, भीक मागणारी आणि चोरी करणारी मुले. बंदर श्रीमंत होते आणि त्याच्या पाठीमागे हा नरक होता.

१८३३ साली शहरातले एक वजनदार अधिकारी कार्ल झीव्हेकिंग यांनी हॉर्न या तेव्हाच्या खेड्यातली जागा आणि गवताने शाकारलेले एक जुने घर त्याला देऊ केले. घराचे नाव ‘राउएस हाउस’. शब्दशः अर्थ ‘खडबडीत घर’, जरी ते मूळ कोणा रुगे नावाच्या माणसाचे घर असावे असेही म्हणतात. पंचविशीतला विशर्न आईला आणि बहिणीला घेऊन तिथे राहायला गेला. वर्ष संपेपर्यंत घरात बारा मुले आली होती.

त्याने तुरुंगासारखे सुधारगृह काढले नाही. मुले वाढली तशी आणखी घरे बांधली. प्रत्येक घरात दहा-बारा मुले आणि त्यांच्याबरोबर राहणारा एक मोठा माणूस, म्हणजे एक कुटुंबच. शाळा, बाग, कामाच्या शाळा, सगळे तिथेच. ज्या मुलांना घर म्हणजे काय ते माहीत नव्हते, त्यांना आधी घर द्यावे, शिकवण नंतर, असा त्याचा हिशेब.

आता या मुलांना नाताळाची केवढी ओढ! डिसेंबर लागला की रोज एकच प्रश्न. “नाताळ कधी? अजून किती दिवस?” दहादा उत्तर देऊनही अकराव्यांदा तोच प्रश्न. १८३९ साली विशर्नने त्यावर तोड काढली. गाडीचे एक जुने चाक घेतले, त्यावर मेणबत्त्या लावल्या आणि ते प्रार्थनेच्या दालनात टांगले. रविवारांच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि मधल्या दिवसांच्या लहान लाल मेणबत्त्या. रोज एक जास्त पेटवायची. त्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार १ डिसेंबरला आला होता. म्हणजे चार मोठ्या आणि वीस लहान, एकूण चोवीस. हा आकडा दर वर्षी बदलतो, कारण पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये कधीही येतो. त्यामुळे लहान मेणबत्त्या अठरापासून चोवीसपर्यंत काहीही असू शकतात.

मुलांना मोजता येऊ लागले. न पेटलेल्या मेणबत्त्या मोजल्या की राहिलेले दिवस कळत. गणिताचा धडा झाला आणि रोज थोडा उजेडही वाढला. उत्तरेकडच्या त्या काळोख्या महिन्यात दिवस लहान लहान होत जातात आणि चाक मात्र अधिकाधिक उजळत जाते, ही त्यातली खरी गंमत.

चाकाला हिरव्या फांद्या आल्या त्या नंतर, १८६०च्या सुमारास. चोवीस मेणबत्त्यांचे चाक घराच्या टेबलावर मावायचे कसे? म्हणून घरोघरी फक्त रविवारांच्या चारच राहिल्या. प्रोटेस्टंटांची ही चाल कॅथलिक चर्चमध्ये जायला मात्र वेळ लागला. कलोन शहरातल्या एका कॅथलिक चर्चमध्ये ते १९२५ साली प्रथम टांगले गेले, म्युनिकमध्ये १९३० साली. पुढे ते जगभर पसरले. आज वसई, मुंबई, गोव्यातल्या चर्चमध्येही आगमनकाळात ते दिसते. तिथे बहुधा तीन जांभळ्या आणि एक गुलाबी अशा मेणबत्त्या असतात. गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारची, आनंदाची.

हॉर्नपर्यंतचा प्रवास

हाम्बुर्गला डिसेंबरात जाणारा प्रवासी सहसा टाउन हॉलसमोरच्या नाताळबाजारात जातो. लाकडी टपऱ्या, भाजलेले बदाम, मसाले घालून गरम केलेली वाइन, दालचिनीचा वास. जवळच आल्स्टर तलावाच्या पाण्यावर दिव्यांनी मढवलेले नाताळाचे झाड उभे केलेले असते. तिथून थोडे दूर ‘श्पायशरश्टाट’, म्हणजे कालव्यांच्या काठची लाल विटांची जुनी वखारनगरी. २०१५ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. कॉफी, चहा, गालिचे, मसाले असा सगळ्या जगाचा माल या वखारींतून गेला. जर्मन घरांतल्या नाताळाच्या बिस्किटांत पडणारी लवंग, वेलची, दालचिनी त्यांच्या जंगलात उगवत नाही. ती समुद्र ओलांडूनच येते.

पण चक्राचे मूळ गाव पाहायचे तर शहराच्या मध्यावरून पूर्वेकडे जाणारी भुयारी रेल्वे पकडावी. एका स्थानकाचे नावच ‘राउएस हाउस’. हॉर्न आता खेडे राहिलेले नाही, शहराचा भाग झाले आहे. जुलै १९४३च्या बॉम्बहल्ल्यांत हाम्बुर्गचा हा पूर्व भाग भाजून निघाला. शहरात तीस हजारांवर माणसे मेली. विशर्नचे ते जुने घरही त्यात गेले. पुढे ते पुन्हा जुन्यासारखे उभारण्यात आले. संस्था मात्र थांबली नाही. मुले, वृद्ध, अपंग यांच्यासाठी तिचे काम आजही चालू आहे.

परतीच्या वाटेवर मिशाएलिस चर्चमध्ये शिरावे. त्याचा १३२ मीटर उंच मनोरा बंदरात शिरणाऱ्या खलाशांना दुरून दिसतो आणि लोक त्याला लाडाने ‘मिशेल’ म्हणतात. आगमनकाळात तिथे विशर्नच्या पद्धतीचे, सगळ्या दिवसांच्या मेणबत्त्या असलेले मोठे चक्र पाहायला मिळते. त्याखाली उभे राहिलेले लहान मूल हमखास बोटाने मोजू लागते.

घरी करायचे तर

आपल्याकडे फर मिळत नाही, त्याने काही अडत नाही. सुरूच्या किंवा मोरपंखीच्या फांद्या चालतात. भाताचा पेंढा सुतळीने घट्ट गुंडाळून कडे करता येते. मोसंबीच्या पातळ चकत्या मंद आचेच्या ओव्हनमध्ये तीन-चार तास किंवा कडक उन्हात काही दिवस वाळवल्या की पारदर्शक नारिंगी दिसू लागतात. दालचिनीच्या कांड्या, बाद्यान अर्थात चक्रफूल आणि लाल फीत लावली की सजावट झाली. मेणबत्ती बसवण्यासाठी जाड तारेचे तुकडे पकडीत धरून ज्योतीवर तापवतात आणि मेणबत्तीच्या बुडात खुपसतात. मेण थंड झाले की तारा पक्क्या बसतात, मग त्याच कड्यात रोवायच्या. मेणबत्तीखाली पत्र्याची वाटी असावी.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. वाळलेली फांदी कागदासारखी भडकते. पेटते चक्र सोडून क्षणभरही खोलीबाहेर जाऊ नये, पडद्याजवळ ते ठेवू नये आणि मेणबत्ती बोटभर उरली की बदलावी. जर्मन गृहिणी पाण्याची बादली जवळ ठेवतात, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

पहिला रविवार

सहा वाजेपर्यंत टेबलावर पाच चक्रे तयार झाली होती. सहावे नाशिकच्या मुलीचे. एका बाजूला थोडे जाड, एका बाजूला रोडावलेले. त्याचा शेवटचा अर्धा भाग आजींच्या हातचा होता आणि तेवढाच काय तो सुबक दिसत होता.

मैत्रिणी आपापली चक्रे पिशव्यांत घालून निघाल्या. मुलीने आपले चक्र उचलले, पण दारात ती घुटमळली.

“हे इथेच राहू दे,” ती म्हणाली. “अर्धे तुम्हीच केले आहे. शिवाय माझ्या घरातले टेबल फार लहान आहे.”

“आणि पेटवायचे कोणी?”

“मी येईन ना. रविवारी.”

“चारही रविवारी?”

“चारही.”

वर जाऊन तिने घरून आणलेले कालनिर्णय भिंतीवरून उतरवले. त्यात एका तारखेला खूण केलेली नव्हती, कारण ती तारीख त्यात नव्हतीच. आई मार्चमध्ये यायची होती आणि कॅलेंडर डिसेंबरला संपत होते. गेले दीड महिना ती रोज झोपताना एक चौकट खोडत होती आणि रोज दिवस तेवढेच उरल्यासारखे वाटत होते. त्या रात्री तिने पुढच्या चार रविवारांभोवती लाल पेन्सिलीने गोल काढले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आणि तिचा नवरा खाली गेले, तेव्हा तिच्या हातात शंकरपाळ्यांचा डबा होता. आजींनी टेबलावर पांढरे कापड घातले होते. तीन खुर्च्या मांडल्या होत्या आणि चौथी, पतीची, खिडकीजवळ होती तिथेच राहू दिली होती. काड्यापेटी त्यांनी मुलीपुढे सरकवली. आमच्यात घरातल्या सर्वांत लहानाने पहिली मेणबत्ती लावायची असते, असे त्या म्हणाल्या.

मेणबत्ती लागली. बाहेर पाऊस पडत होता. आजींनी एक शंकरपाळे तोंडात टाकले, चावले आणि आणखी दोन उचलून बशीत ठेवली. मग त्या पुढच्या रविवारी कोणती बिस्किटे करायची ते सांगू लागल्या. लवंग किती, वेलची किती, पीठ रात्रभर का ठेवायचे. मुलगी लिहून घेत होती.

चक्रावर अजून तीन मेणबत्त्या बाकी होत्या.